टाकीवरची पंधरा मार्च

बुधवारी, १२ मार्चला सकाळी सात वाजून पंचवीस मिनिटांनी चिंचखोरे गावच्या प्राथमिक शाळेतल्या मुलांनी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून चार बातम्या वाचल्या. पहिल्या तीन बातम्यांवर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. चौथी गावच्या पाण्याच्या टाकीची होती आणि ती वाचली चौथीतल्या मयुरीनं.

त्या वेळी मयुरीचे आजोबा भटू आबा खालच्या आळीत व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी उकिडवे बसले होते. हातात लांब दांड्याची लोखंडी चावी. सव्वीस वर्षं गावाला पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. कोणत्या आळीला किती वेळ सोडायचं, कोणाच्या नळाला धार बारीक येते, कोण मोटर लावून ओढतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. वय एकसष्ट. मनगटं अजून घट्ट.

आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, परिपाठात शाळेची ‘गावखबर’ भोंग्यावरून ऐकू येई. शाळेत दोन शिक्षक आणि एकतीस मुलं. ग्रामपंचायत आणि शाळा यांच्यात एकच भिंत, म्हणून माइकची वायर खिडकीतून आत घेतलेली. कामिनी मॅडमनी हा उद्योग दोन वर्षांपूर्वी सुरू केला, तेव्हा गावाला तो पोरखेळ वाटला होता. आता बातम्या लागल्या की शेतात दादर ज्वारी कापणाऱ्या बायका विळा थांबवत. सुरतेला कामाला गेलेली माणसं घरी फोन लावून ठेवायला सांगत. मयुरीचा बाप नीलेश त्यांच्यातलाच एक. पारोळ्याच्या मोठ्या शाळांमध्येही असं काही नाही, हे गावात कोणीही सांगे, ज्यांची मुलं पारोळ्याच्या शाळेत जात तेसुद्धा.

त्या बुधवारच्या पहिल्या तीन बातम्या अशा: पहिलीतल्या रूपाचा वरचा दात मंगळवारी दुपारी खिचडी खाताना पडला. धरणाच्या वाटेवरच्या पळसांपैकी नऊ पूर्ण फुलले, दोन बाकी. दादरचं पहिलं खळं मगनकाकांचं झालं. आणि मग मयुरी.

“मन्ही नात,” आबा खड्ड्यातून मान वर करून नळावरच्या बायकांना म्हणाले.

“माहीत शे आबा, बठ्ठा गावले माहीत शे. ऐकू दे,” एक म्हणाली.

“गावाच्या टाकीवर लिहिलं आहे,” भोंग्यातून आवाज आला, “टाकी धुतल्याचा दिनांक, पंधरा मार्च. आज बारा मार्च आहे. हे मी, मयुरी नीलेश पाटील, काल सकाळी नऊ वाजता शाळेच्या ओट्यावरून वाचलं. माझ्या वर्गातल्या सहा मुलांनी आणि मॅडमनीही वाचलं. बातम्या संपल्या.”

नळावरची एक जी हसली ती थांबेचना.

“काय आबा, टाकी परवाच्या पलीकडे धुवाई गई का?”

“आबा, मन्हा लुगडाबी पुढला सोमवारले धुवाई गयात बरं!”

“हसा, हसा,” आबा म्हणाले. पण चावी फिरवताना त्यांचा हात घसरला आणि खालच्या आळीला त्या दिवशी चार मिनिटं पाणी कमी गेलं. सव्वीस वर्षांत असं क्वचित घडलं होतं.

टाकीवर पुढची तारीख कशी आली, हे गावाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. गावात कोणाला त्याचं नवल नव्हतं. चुडामण रंगारी पारोळ्याहून येतो. एका कामासाठी तो गाडीला किक मारत नाही, तीन-चार कामं साठली की येतो. आणि खानदेशात लग्नघराच्या भिंतीवर वधूवरांची नावं आणि लग्नाची तारीख पंधरा दिवस आधीच रंगवून होते. मांडव नंतर पडतो. त्याच रीतीनं टाकीवरही पुढची तारीख आधी लिहून घ्यायची आणि त्या तारखेला टाकी धुवायची, असं अनेक वर्षं चाललं होतं. लग्न टळत नाही, तशी टाकीही टळत नव्हती. ‘धुतल्याचा दिनांक’ या शब्दांकडे कोणी पाहिलं नव्हतं. चौथीच्या वर्गात नुकतंच कॅलेंडर शिकवून झालं होतं, म्हणून ते पाहिलं गेलं.

मात्र या वेळी एक गोष्ट वेगळी होती. मधल्या एका वेळी टाकी धुवायची राहून गेली होती. टाकी तीन महिन्यांनी धुवायची. शेवटची धुतली २६ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर. जानेवारीत तळाची गाळ सोडायची झडप अडकली. आबांनी ग्रामपंचायतीत दोनदा तोंडी सांगितलं, झडप आली नाही, आणि काम पुढे गेलं. फेब्रुवारीच्या शेवटी शाळेच्या भिंतीवर पाढे लिहायला चुडामण आला, तेव्हा हातासरशी टाकीही रंगवून घेतली. झडपेची गोष्ट खालच्या आळीतल्या बायकांना ठाऊक नव्हती. आबांना होती, आणि म्हणून त्यांना हसू येत नव्हतं.

नऊ वाजता त्यांना शाळेत बोलावणं आलं. ओट्यावर प्रेमराजभाऊ उभे होते. सरपंच त्यांच्या पत्नी लताबाई. पण कारभाराचं बोलणं प्रेमराजभाऊच करत आणि ग्रामपंचायतीतली सरपंचाची पत्र्याची खुर्चीही तेच वापरत.

“मॅडम, मुलांना काय, पानं-फुलं, दात, चिमण्या सांगायच्या. टाकी हा काय मुलांचा विषय आहे?”

“पाणी मुलंही पितात,” कामिनी मॅडम म्हणाल्या.

“शनिवारी एवढंच वाचा, की ती बातमी चुकीची होती. विषय संपला.”

“दुरुस्ती आम्ही वाचतो. मागच्या महिन्यात वाचली होती. चिंचेवर सात घरटी सांगितली होती, ती पाच निघाली. तारीख चुकीची वाचली असेल तर दाखवा, आत्ता लिहून घेते.”

“तारीख चुकीची नाही हो. तारीख यायचीय अजून.”

खिडकीत सात-आठ डोकी होती, ती एकदम खाली गेली आणि बाकांमागून हसू फुटलं. प्रेमराजभाऊंनी आवाज उतरवला. ते आबांकडे वळले.

“आबा, भोंगा ग्रामपंचायतना शे, पन नात तुम्हनी शे. तिले तुम्हीच सांगा. तिनी चूक मान्य करी, का आपन शनवारले टाकी धुई टाकसूत, कोनी इचारनार नही. नही करी, तर लोक मांगलं काढतीन. कव्हय धुई, काब्र नही धुई. मग ते मन्हावर नही येनार.”

कोणावर येणार, हे त्यांनी सांगितलं नाही. आबांना ते सांगायची गरज नव्हती. सव्वीस वर्षांत त्यांच्या पाण्याबद्दल कोणी शब्द काढला नव्हता. शेजारच्या जोगलखेड्यात एका उन्हाळ्यात पोटाची साथ आली, तेव्हा तिथली माणसं चिंचखोऱ्याचं पाणी कळशीनं घेऊन गेली होती. त्यांची सगळी कमाई काय ती तेवढीच. आता ती एक तर नातीच्या तोंडून खोटं बोलवून राखायची, नाही तर गावासमोर घालवायची. तिसरी वाट त्यांना दुपारपर्यंत सापडली नाही.

सकाळची शाळा सुटून मयुरी घरी आली तेव्हा बारा वाजून गेले होते. तिच्या आजीनं, पुष्पाबाईंनी, दोघांपुढे कळण्याच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली.

“मयू,” आबा म्हणाले, “ती बातमी मांगे लई ले.”

“काब्र? खोटी शे का?”

“खोटी नही.”

“मंग?”

“अव्वं, बठ्ठा गाव हसी ऱ्हायना मन्हावर.”

“तुन्हं नाव तर मी लिधंच नही, आबा. मी टाकीनं नाव लिधं.” तिनं चटणीचं बोट चाटलं, हात आजीच्या लुगड्याला पुसू लागली आणि आजीचा हात पाठीत बसला. मग ती उठून हात धुऊन आली आणि दप्तरातून बातम्यांची वही काढली. “तुले दुरुस्ती दीनी व्हई तर दे. मी लिखस. पन तीन प्रश्न इचारना पडतंस. मॅडमना नियम शे.”

तीन प्रश्न वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेले होते. कोणी केलं? केव्हा? मोजलं का?

“इचार,” आबा म्हणाले. त्यांना वाटलं, पोरीचा खेळ आहे, चालू द्यावा.

“चुडामणकाकाले पंधरा मार्च कोनी सांगी?”

आबांनी घास हातातच ठेवला. ते पुष्पाबाईंकडे बघू लागले.

“मन्हाकडे काय देखतस? इचारनारी तठे बठेल शे,” पुष्पाबाई म्हणाल्या.

टाकी रंगवली त्या दिवशी शिडीवर चुडामण होता, खाली प्रेमराजभाऊ होते, आणि चुडामणनं वरून ओरडून विचारलं होतं, ‘तारीख कोनती टाकू?’ प्रेमराजभाऊ फोनवर होते. उत्तर दुसऱ्यानंच दिलं होतं.

“मी,” आबा म्हणाले. “मी सांगी.”

मयुरीची पेन्सिल थांबली. ती प्रेमराजकाकांचं नाव ऐकायच्या तयारीत होती. ‘प्रे’ लिहूनही झालं होतं. तिनं ते खोडलं नाही.

“आबा, लिखू का?”

बाहेर शेजारच्यांची शेळी ओरडत होती. मयुरीचे डोळे भरून आले होते, पण वही तिनं मिटली नव्हती. आबांनी ते पाहिलं. दहा वर्षांची पोर, रडते आहे, आणि पेन्सिल कागदावर टेकलेली. पुढे कित्येकदा, आळीच्या पारावर, त्यांनी ही गोष्ट सांगितली. कोणी म्हणे, आबा, तुमचंच नाव गेलं त्यात. ते म्हणत, “गयं तर गयं. पन पोरगीनी वही मिटी नही.”

“लिख,” ते म्हणाले. “बठ्ठं लिख. टाकी कव्हय धुई व्हती, तेबी लिख.”

तिनं २६ ऑक्टोबरपासून बोटांवर महिने मोजले आणि ‘साडेचार’ असं लिहिलं. जानेवारीत झडप अडकल्याचंही तिनं लिहून घेतलं, पण पुढे विचारलं, “ग्रामपंचायतले अर्ज दिधा व्हता का?”

“तोंडी सांगं व्हतं.”

“कोनी ऐकं?”

आबा हसले. “तू ना, पोलिसमध्ये जाय.”

तोंडी सांगितल्याला साक्षीदार नव्हता, म्हणून ते वाक्य तिनं गाळलं. आबांनी खाली सही केली. सही करताना ते पूर्ण नाव लिहितात: भटू सुकदेव पाटील.

गुरुवारी होळी होती. संध्याकाळी होळीला नैवेद्य दाखवायला आलेल्या प्रेमराजभाऊंना आबांनी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. प्रेमराजभाऊंनी नैवेद्याचं ताट खाली ठेवलं.

“आबा, आपलाच हातानं आपला पायवर धोंडा. मी तुम्हले वाचाडी ऱ्हायंतू.”

“माले समजनं. पन पोर वाचनार शे, आनि ती खोटं वाचनार नही.”

“मग ग्रामसभामा इषय येई. मन्हाकडे देखू नका.”

“नही देखनार,” आबा म्हणाले आणि होळीत नारळ टाकून घरी गेले.

शुक्रवारी धुळवड. आबांनी त्या दिवशी टाकीत नवं पाणी घेतलं नाही. दोन्ही आळ्यांना होतं ते सोडून टाकी तळाला आणली. रंगलेल्या तोंडांच्या माणसांना गाठून सांगितलं, उद्या पहाटे पाच, बादली घेऊन या, झडप चालत नाही, गाळ हातानं काढायचाय. सगळे हो म्हणाले. धुळवडीच्या दिवशी माणूस कशालाही हो म्हणतो, हे आबांना ठाऊक होतं. शनिवारी पहाटे पाचला तिघं आले. त्यातला एक, ज्याचं दादरचं खळं झालं तो मगन.

शिडी चढून, झाकण उघडून, कंदिलाऐवजी मोबाइलची बॅटरी लावून आबा आत उतरले. पाणी घोट्याएवढं. खाली बोटभर मऊ गाळ. मगनही आत आला. दोघं घासत होते, बादली भरून दोरीला लावत होते, वरचे दोघं ओढून खाली सोडत होते. खाली शाळेची मुलं मॅडमच्या आज्ञेनं टाकीपासून वीस पावलं लांब, चुन्याच्या रेघेमागे उभी होती. गाळ घमेल्यात पडला की ती मोठ्यानं मोजत.

सात वाजून पंचवीस मिनिटांनी भोंगा वाजला, तेव्हा टाकी निम्मीही घासून झालेली नव्हती.

टाकीच्या आत आवाज कसा येतो, हे आबांना इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं, कारण याआधी ते आत असताना कधी बातम्या लागल्या नव्हत्या. वरच्या गोल झाकणातून मयुरीचा आवाज खाली आला आणि सिमेंटला आपटून चारी बाजूंनी परत आला. जणू एकच पोर टाकीच्या सगळ्या भिंतींत उभी आहे.

“टाकीच्या बातमीबद्दल अधिक माहिती. पंधरा मार्च ही तारीख रंगाऱ्याला पाणीपुरवठा कर्मचारी भटू सुकदेव पाटील यांनी सांगितली. टाकी याआधी २६ ऑक्टोबरला धुतली होती, म्हणजे साडेचार महिन्यांपूर्वी. तीन महिन्यांनी धुवायला हवी होती. जानेवारीत झडप अडकली, असं ते म्हणाले. ही माहिती त्यांनी स्वतः दिली आणि सही केली. ते माझे आजोबा आहेत. टाकी धुणं आत्ता सुरू आहे. धुऊन झाल्यावर सांगू.”

‘ते माझे आजोबा आहेत’ हे वहीत नव्हतं.

मगननं ब्रश थांबवला. “आबा, तुम्हनं नाव...”

“घास,” आबा म्हणाले. “कोपरा राही गया.” पाठ वळवून ते कोपरा घासू लागले. अंधारात मगनला त्यांचं तोंड दिसलं नाही. त्यानं नंतर लोकांना एवढंच सांगितलं की तो कोपरा आबांनी फार वेळ घासला.

आठ वाजेपर्यंत टाकीखाली अकरा बादल्या वाढल्या होत्या. धुळवडीला हो म्हणून झोपलेले उठून आले. खालच्या आळीतल्या बायकाही आल्या. लुगडं पुढल्या सोमवारी धुणारीनं दोरी धरली आणि वर बघून ओरडली, “आबा, कमी सोडं व्हतं ना बुधवारले, चार मिनिटं! तेबी लिखा ना पोरले सांगीसन!”

“लिखसू, लिखसू!” वरून आवाज आला आणि पहिल्यांदाच त्या दिवशी सगळे हसले, आबांसकट.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी काम संपलं. गाळ चौदा घमेली. मुलांची मोजणी आणि मॅडमची मोजणी जुळली. जंतू मारायची टीसीएल पावडर टाकून पाणी घ्यायला सुरुवात झाली. पुढच्या बुधवारच्या गावखबरमध्ये हे सगळं आकड्यांसकट वाचलं गेलं, आणि सोबत आधीच्या बुधवारी खालच्या आळीला चार मिनिटं कमी गेलेल्या पाण्याची दुरुस्तीही.

एक गोष्ट मात्र त्यात नव्हती, कारण ती तोवर कोणाला माहीत नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी, टाकी पूर्ण रिकामी होण्याआधी, लताबाईंनी आपल्या घरच्या नळाचं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून झाकण लावून, वर तारीख आणि वेळ लिहून घेतली होती, आणि शनिवारी सकाळी ती नवऱ्याला न सांगता तपासणीला पाठवली होती. सोबतच्या पत्रावर सही त्यांची होती. ही बातमी त्यांनी स्वतःच पुढच्या आठवड्यात शाळेत येऊन मयुरीला दिली. “सरपंच मी शे,” त्या म्हणाल्या. “पहिला प्रश्न तोच शे ना, कोनी करं?”

“जुनं पानी खराब निंघनं तर आबानं काय व्हई?” मयुरीनं विचारलं. हा प्रश्न तिच्या तिन्ही प्रश्नांत नव्हता.

“ते ग्रामसभा ठरावी,” लताबाई म्हणाल्या. “चांगलं निंघनं तर तेबी बठ्ठा गाव ऐकी.”

मयुरीनं दोन्ही वाक्यं लिहून घेतली. घरी येऊन आबांना वाचून दाखवली. आबांनी विचारलं, बाटलीवर वेळ किती लिहिली आहे. सहा वाजून दहा मिनिटं, ती म्हणाली. त्यांनी मनाशी हिशेब केला आणि मान हलवली. त्या वेळेचं पाणी टाकीच्या तळाचंच होतं.

“बराबर घेयेल शे,” ते म्हणाले. “नियमनं काम करं बाईनी.”

गुरुवारी, २७ मार्चला सकाळी दहा वाजता ग्रामसभा भरली. एकशे बारा माणसं होती; आकडा शाळेच्या दोन मुलींनी दाराशी उभं राहून मोजला. झडप नवी घ्यायचा ठराव पाच मिनिटांत झाला. टाकीवर तारीख धुतल्यानंतरच रंगवायची, हाही. विषय क्रमांक तीन होता: पाणीपुरवठा कर्मचारी भटू सुकदेव पाटील यांना कामावर ठेवण्याबाबत. आबा इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत बसले होते. मयुरी दारात वही घेऊन उभी होती. प्रेमराजभाऊ काही बोलले नाहीत. लताबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पाण्याचा अहवाल आल्याशिवाय या विषयावर मत घेणार नाही. खालच्या आळीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्या कशासाठी वाजवल्या, हे विचारल्यावर एकीनं सांगितलं, “आबासाठी.” दुसरी म्हणाली, “पोरसाठी.”

मयुरीच्या वहीतली पुढची नोंद: शनिवारी, २९ मार्चला दुपारी दोन वाजेपर्यंत अहवाल ग्रामपंचायतीत आलेला नव्हता.